दिल्लीनं सोडलेली गाडी

परवा भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. पांढरीशुभ्र सात सीटर एसयूव्ही, डीएल नंबर, काळ्या काचा, मागे दिल्लीतल्या कुठल्यातरी गल्लीतलं विजेच्या तारांचं जाळं. खाली एकच ओळ: "मामा, साडेआठला मिळतीय. घेऊ का? तुमच्यासारखीच हाय."

"तुमच्यासारखीच" वाचून मी फोन उलटा ठेवला. पोराला दोन ओळीत उत्तर देता येईना. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. भाच्यासाठी आहेच, पण आपल्या एमएच-१३ मध्ये असे भाचे पुष्कळ आहेत, आणि गेल्या दोन वर्षांत माझ्या लक्षात आलंय की हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या हौसेचा राहिलेला नाही. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी कबुली. मी टॉवेलवाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लहानसं युनिट, १४ कामगार. राहायला जुळे सोलापूर. जानेवारी २०२४ मध्ये, गड्ड्याची यात्रा तोंडावर असताना, मी दिल्लीहून एक डिझेल एसयूव्ही आणली. इंजिन तीन हजार सीसीच्या आसपास, ऑटोमॅटिक गिअर, वजन सव्वादोन टनांच्या वर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं भांडण कंपनीशी नाही. मार्च २०१५ ची गाडी. नवी असताना तीस लाखांच्या आसपासची. मला पडली नऊ लाख साठ हजाराला. त्या पैशात नवी घ्यायची म्हणली तर छोटी कार मिळत होती, बाराशे सीसीवाली. मग काय, डोकं कुणाचं ठिकाणावर राहील?

आता ही गाडी इतकी स्वस्त का होती, ते नीट समजून घ्या. सगळी गोम तिथंच आहे.

राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवायला बंदी केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. पेट्रोलला पंधरा वर्षं, डिझेलला दहा. १ जुलै २०२५ पासून तर जुन्या गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं होतं. लोक इतके भडकले की दोन-तीन दिवसांत ते थांबवावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की तूर्त फक्त वयाच्या कारणावरून गाडीमालकावर सक्तीची कारवाई नको. म्हणजे नियमाचं तळ्यात-मळ्यात चालूच आहे. पण बाजार कोर्टाची वाट बघत बसत नाही. डिझेल गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की दिल्लीतला मालक घाबरतो, आणि तीस लाखांची गाडी साडेआठ-नऊवर येते. तिचं इंजिन त्या दिवशी बिघडलेलं नसतं. तिला तिच्या गावात राहायला जागा उरलेली नसते, एवढंच.

आपल्याकडे मात्र तिला पंधरा वर्षांपर्यंतची आरसी आहे. माझी मार्च २०३० पर्यंत बिनधास्त. एनओसी आणायची, आरटीओत कर भरायचा, एमएच-१३ चा नंबर घ्यायचा, की गाडी सोलापूरची. दिल्लीसाठी म्हातारी, सोलापूरसाठी नवरी.

आणताना काय काय गेलं ते सांगतो. दिल्लीला जाणं-येणं, मित्राला बरोबर घेतलेलं त्याचा खर्च, येताना दीड हजार किलोमीटरचं डिझेल आणि टोल, मग इथला कर. महाराष्ट्रात वीस लाखांच्या वरच्या नव्या खासगी डिझेल गाडीला १५ टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण हिशोब सुरू होतो तिच्या मूळ किमतीपासून, तुम्ही किती दिले त्यावरून नाही. हे मला डीलरनं सांगितलं नव्हतं. दोष त्याला कशाला, मीच विचारलं नव्हतं. एजंट, प्लेट, कागद सगळं धरून दोन लाखाच्या घरात गेलं. सहा लाखांचं कर्ज काढलं. जुन्या गाडीला व्याज नव्यापेक्षा जास्त असतं, हप्ता बसला १६,४०० चा, चार वर्षं.

आल्यावर पहिला महिना म्हणजे दिवाळीच. सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहिलं की रिक्षावाले आरशातून बघून बाजूला सरकतात. ज्या बँकेत मी वीस वर्षं स्कूटरवर जात होतो तिथला वॉचमन पहिल्यांदा सलाम करून गेट उघडता झाला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. वडील (त्यांनी सगळी हयात सायकलवर काढली, मागाचा आवाज कानात घेऊन) गाडीभोवती एक चक्कर मारून एवढंच म्हणाले, "पोट मोठं हाय रे हिचं."

पोट मोठं आहे. गावात लिटरला आठ किलोमीटर, हायवेला अकरा. डिझेल नव्वदीच्या आसपास धरा, म्हणजे गावात किलोमीटरला सव्वाअकरा रुपये नुसत्या तेलाचे. घर ते कारखाना जाऊन-येऊन १६ किलोमीटर, रोजचे १८० रुपये. तेच अंतर स्कूटरवर ३७-३८ रुपयांत होतं. पण तेलाचा हिशोब सगळ्यांनाच येतो, त्यात काही नवीन नाही. खरा मार दुसरीकडूनच बसतो.

आमच्या मिस्त्रीनं पहिल्याच सर्व्हिसिंगला एक वाक्य सांगितलं ते मी भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं: "शेठ, गाडी स्वस्त मिळती. पार्ट स्वस्त मिळत नाही." गाडीची किंमत वर्षावर्षाला उतरते, तिच्या टायरची उतरत नाही. उलट चढते. तीस लाखांची गाडी दहा लाखाला घेतली तरी ब्रेक, टायर, इंजेक्टर, गिअरबॉक्स हे सगळं तीस लाखांच्या गाडीचंच लागतं. पहिल्या मालकानं नव्या गाडीचं सुख घेतलं, वॉरंटी वापरली, वीस लाखांची घट सोसली आणि बरोबर त्या वेळी सोडली जेव्हा पुढचा खर्च दारात उभा होता. तो खर्च मी विकत घेतला. वर साडेनऊ लाख देऊन.

आकडे देतो, माझ्या वहीतले आहेत. जानेवारी २०२४ पासून आजपर्यंत गाडी २४ हजार किलोमीटर चालली. चार टायर ५८ हजार. पुढचे सस्पेन्शनचे आर्म आणि बुश ४६ हजार. एक इंजेक्टर आणि बाकीच्यांची सफाई ४१ हजार. दोन सर्व्हिसिंग ४४ हजार. बॅटरी १२ हजार. गिअरबॉक्स एक लाख ८५ हजार. दोन वर्षांचा विमा ६८ हजार. डिझेल दोन लाख ४० हजार. बेरीज सहा लाख ९४ हजार. म्हणजे किलोमीटरला जवळपास २९ रुपये. यात हप्ता नाही, व्याज नाही, गाडीची घट नाही, टोल नाही. पुण्याला एसी टॅक्सी ठरवली तर मला निम्म्यात जाता येतं, ड्रायव्हरसकट.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला खराब गाडी लागली. मलाही तसंच वाटायचं. मग मिस्त्रीनं इंजिनची नळी उघडून आतली काजळी दाखवली. डांबरासारखी. त्याचं म्हणणं असं, की हे इंजिन लांब पल्ल्यासाठी बनवलंय. दोन-तीनशे किलोमीटर एका दमात धावलं की ते तापतं, आतली घाण जाळून टाकतं आणि खुश राहतं. मी काय करत होतो? सकाळी थंड इंजिन चालू करायचं, आठ किलोमीटरवर कारखाना, बंद. दुपारी दोन किलोमीटरवर बँक, बंद. संध्याकाळी मधल्या मारुतीपाशी जागा शोधत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास. इंजिन नीट तापायच्या आत प्रवास संपतो. ईजीआर तुंबतो, इंजेक्टर चिकटतात, टर्बोला काजळी बसते. मोठ्या डिझेल इंजिनाला गावातली रोजची ये-जा म्हणजे पैलवानाला जिन्यावरनं दिवसभर वर-खाली करायला लावण्यासारखं आहे. ताकद असून गुडघे जातात.

आणि गिअरबॉक्स गेला तेव्हा काय झालं ते सांगतो. हे लिहायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पोस्टला अर्थ नाही.

दिवाळी २०२४. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. कामगारांचा बोनस द्यायचा होता, माणशी साधारण बारा हजार, एकूण एक लाख ६८ हजार. पैसे बाजूला काढून ठेवलेले. त्याच आठवड्यात गाडी होटगी रोडला गिअर बदलताना झटके द्यायला लागली आणि मग उभीच राहिली. माझ्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप सोलापुरात नाही. टोइंगवर टाकून पुण्याला न्यावी लागली. तिथून फोन आला, एक लाख ८५ हजार, ॲडव्हान्स पाठवा, पार्ट बाहेरून मागवायचाय.

त्या रात्री मी खरंच विचार करत बसलो होतो, की बोनस दोन टप्प्यांत दिला तर चालेल का. निम्मा आता, निम्मा संक्रांतीला. वही समोर, कॅल्क्युलेटर समोर. बायकोनं विचारलं काय करलालाव, मी सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "गाडीसाठी पोरांचा बोनस अडवणार?" तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो असतो.

बोनस पूर्ण दिला. गाडी पुण्यात दोन महिने धूळ खात उभी राहिली, पैसे जमल्यावर आणली. पण तो विचार माझ्या डोक्यात आला होता, हे खरं आहे. १४ घरांची दिवाळी एका बाजूला आणि लोखंडाचा एक डबा दुसऱ्या बाजूला ठेवून मी तराजू धरला होता. हप्त्यावर एसयूव्ही घेतलेल्या किती जणांच्या घरात असा तराजू रोज चालू असेल, कुणाची फी, कुणाचं औषध, कुणाचा ऊसबिलाचा पैसा, कोण जाणे. त्याचे स्टेटस कुणी ठेवत नाही.

त्या दोन महिन्यांत मी परत स्कूटरवर आलो. आणि मला सोलापूर परत दिसायला लागलं. दिसायला म्हणजे, नाकात जायला लागलं. काचा बंद आणि एसी चालू असताना शहर टीव्हीसारखं असतं, वास नसतो त्याला. अशोक चौकात सिग्नलला एका मोठ्या डिझेल गाडीच्या मागं उभा होतो. हिरवा लागला, त्यानं पाय दाबला, आणि काळा लोट सरळ तोंडावर. शेजारी स्कूटीवर एक बाई, पुढं उभं केलेलं तीन-चार वर्षांचं पोरगं, त्यानं डोळे मिटून तोंड आईच्या ओढणीत खुपसलं. मी नंबर बघितला, सवयीनं. एमएच-१३, नवी सिरीज, गाडी जुन्या मॉडेलची. म्हणजे बाहेरून आणलेली. म्हणजे माझीच भावंडं.

आता एक जुनी गोष्ट. आपल्या शहराला एक विसरलेला मान आहे. २०१० साली देशात बीएस-फोरचं स्वच्छ इंधन आणि त्या दर्जाच्या गाड्या आल्या, तेव्हा त्या सगळीकडे एकदम आल्या नव्हत्या. आधी मोजक्या शहरांत आल्या: दिल्ली-एनसीआर, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, सुरत, कानपूर, आग्रा, लखनौ. आणि सोलापूर. त्या यादीत नागपूर नव्हतं, नाशिक नव्हतं, सोलापूर होतं. कौतुक म्हणून नव्हतं, इथली हवा खराब म्हणून होतं. बाकी देशाला बीएस-फोर मिळायला एप्रिल २०१७ उजाडलं. पुढे २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम काढला, त्यात हवेचे निकष न पाळू शकणाऱ्या शहरांत परत सोलापूर आहेच.

म्हणजे एकेकाळी देशानं दिल्ली आणि सोलापूर एकाच यादीत बसवले होते. दोघांना सारखंच औषध लिहून दिलं होतं. आज दिल्ली म्हणते, दहा वर्षांचं डिझेल माझ्या पोरांच्या छातीला सोसत नाही, घेऊन जा. आणि ते येतं कुठं? त्याच यादीतल्या दुसऱ्या पेशंटकडं. आणतो कोण? पेशंट स्वतः. कर्ज काढून.

दिल्लीच्या नियमाला मी चूक म्हणत नाही. गाडीचं वय बघायचं की धूर बघायचा, यावर वाद आहे आणि त्यात तथ्य आहे. नीट सांभाळलेली नऊ वर्षांची गाडी न सांभाळलेल्या चार वर्षांच्या गाडीपेक्षा कमी धूर सोडू शकते. पण माझी गाडी बीएस-फोर. बीएस-सिक्स डिझेलला सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारं फिल्टर असतं, ते हिला नाही. आणि पुढचं सगळं मी वर सांगितलंच, की गावातल्या छोट्या फेऱ्यांनी ती अजून घाण होत जाते. पीयूसी? बीएस-फोरला वर्षातून एकदा. माझ्या गाडीची पहिली पीयूसी कशी झाली ते सांगतो, केंद्राचं नाव नको. नळी सायलेन्सरला लावली, ॲक्सिलरेटर हलकासा दाबला, कागद हातात. डिझेलच्या चाचणीत इंजिन पूर्ण दाबून धुराचा दाटपणा मोजायचा असतो. मी तेव्हा गप्प बसलो, कारण मला कागद हवा होता. चूक माझीही आहेच.

मग लोक घेतात का? नुसती हौस म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडं मोठी गाडी हे प्रवासाचं साधन कमी आणि ओळखपत्र जास्त आहे. नेत्याची पांढरी, त्याच्या मागच्या कार्यकर्त्याची पांढरी, ठेकेदाराची पांढरी. २००९ मध्ये फॉर्च्युनर आली तेव्हापासून आपल्या भागात एक रंग आणि एक उंची म्हणजे वजन, हे समीकरण पक्कं झालंय. नंबर ८०५५ घेऊन त्याचा बॉस करायचा, ४१४१ घेऊन दादा करायचा. हसू येतं, पण मघाशी मीच सांगितलं ना, वॉचमननं वीस वर्षांत पहिल्यांदा सलाम केला. तहसीलला, बँकेत, पोलीस ठाण्यात साध्या माणसाचं ऐकलं जात असतं तर किती पोरांना दोन टन लोखंड बरोबर घेऊन फिरावं लागलं असतं? सोयरिकीला पाव्हणे आले की आधी दारात काय उभंय ते बघतात. माझा भाचा मूर्ख नाही. त्याला गणित येतं. त्याला मोहोळ तालुक्यात माणूस म्हणून मोजून घ्यायचंय, आणि त्यासाठी त्याला साडेआठ लाखांचा भाव सांगितला गेलाय.

दुसरं कारण अगदीच साधं आहे. दुसरं आहे काय? साडेनऊ लाखांचं शहर, हा आकडा २०११ च्या जनगणनेचा, आता किती धरा. आणि सिटी बस? ज्यांना आठवतं त्यांना आठवतं. केंद्राच्या योजनेतून वाजतगाजत बस आल्या, त्यातल्या किती चेसिसला तडे जाऊन डेपोत सडल्या ती कहाणी सगळ्या सोलापूरकरांना पाठ आहे. आता पीएम ई-बसच्या यादीत शहराचं नाव आहे, आल्या की पेढे वाटू. तोवर जुळे सोलापूर ते एमआयडीसी जायला माझ्या कामगाराला शेअर रिक्षा किंवा कर्जाची टू-व्हीलर, आणि मला कर्जाची एसयूव्ही. दोघंही हप्त्यावर. रस्ता तोच, खड्डा तोच.

आता गाडीच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. आईला हैदराबादला न्यायचं होतं, पाठीचं दुखणं. तीनशे किलोमीटर ती मागच्या सीटवर झोपून गेली, उतरल्यावर म्हणाली गादीवर होते. पुणे रोडला सावळेश्वरचा टोल ओलांडला की ती गाडी अशी काही पाय पसरते की सगळे हप्ते विसरायला होतं. रात्रीच्या प्रवासात ट्रकांच्या मधनं जाताना जीवाला जो धीर असतो तो छोट्या गाडीत नाही. हे सगळं खरं आहे. ज्याचा धंदाच महिन्याला चार हजार किलोमीटर हायवेचा आहे, घरात सात माणसं आहेत, हातात दोन-तीन लाख रोख बिघाडासाठी बाजूला आहेत, त्यानं जरूर घ्यावी. त्याला ही गाडी शोभते आणि गाडीलाही तो शोभतो.

पण "पुरात चालती" हे कृपा करून सांगू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, पुणे महामार्गावर वाहतूक बंद केली, तेव्हा मी माझी उंच गाडी घेऊन ट्रकांच्या रांगेत तितकाच उभा होतो जितका मागचा अल्टोवाला. गावातली माणसं बोटीनं काढत होते. गाडीची उंची फोटोला कामी आली.

आणि त्या उंचीचा दुसरा हिशोब. आसरा चौकाच्या पुढं एका शाळेजवळ मी गाडी सुरू करून निघणार, तेवढ्यात समोरचा भेळवाला जोरात ओरडला. थांबलो. बॉनेटच्या पुढून एक मुलगी चालत बाहेर आली, पाठीवर दप्तर, दुसरी-तिसरीतली. मला ती दिसलीच नव्हती. तिचं डोकं बॉनेटच्या खाली होतं. कॅमेरा मागं होता, पुढं नव्हता. त्या दिवसानंतर मी शाळेच्या वेळेला त्या रस्त्यानं गाडी नेलेली नाही.

भाच्या, तरीही तुला घ्यायचीच असेल तर ऐक. चेसिस नंबर मागून घे आणि कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमधनं सर्व्हिस हिस्टरी काढ, मीटर फिरवलेला असला तर तिथं कळतं. किलोमीटर साठ हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, असं दिसलं की फोन ठेव. वाहनच्या साइटवर चलन, कर्ज, ब्लॅकलिस्ट बघ. कर्जाचा बोजा उतरल्याशिवाय आणि एनओसी हातात आल्याशिवाय रुपया देऊ नकोस. सोलापूरच्या आरटीओत कर आधी काढून घे, मूळ किमतीवर. विम्याला नुसती थर्ड पार्टीच दीड हजार सीसीच्या वर ७,८९७ रुपये आहे, ती सगळ्यात स्वस्त गोष्ट असेल. थंड इंजिन सकाळी चालू करून बघ, डीलर आधीच गरम करून ठेवतो. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते विचार, उत्तर नसेल तर दोन लाख वेगळे काढ. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला, मोठ्या एसयूव्हीवरचा सेस धरून ५० टक्क्यांचा भार ४० वर आला, नवी फॉर्च्युनर साडेतीन लाखांपर्यंत उतरली. नवी उतरली की जुनीपण उतरते. तू आज साडेआठला घेतलेली पुढच्या वर्षी विकायला काढशील तेव्हा कोण किती देतो ते बघायला मी आहेच.

माझं मागणं प्रशासनाकडं आहे, आणि ते फार मोठं नाही. आपल्या आरटीओनं दरवर्षी जाहीर करावं, की परराज्यातून, विशेषतः दिल्ली-एनसीआरमधून, किती डिझेल गाड्या एमएच-१३ आणि एमएच-४५ मध्ये नोंदल्या. अशा गाडीला नंबर देताना धुराची चाचणी आरटीओच्या समोर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर व्हावी. पास झाली तर खुशाल चालवा, वय कितीही असो. स्वच्छ हवेच्या नावानं जो पैसा शहराला येतो त्यातला रस्ते झाडायला किती आणि धूर मोजायला किती, हे महापालिकेनं सांगावं. बसचं तर मी बोलून बोलून थकलो.

माझी गाडी विकायला काढलीय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावल्यापासून टॉवेलच्या ऑर्डरी कशा आहेत ते या लाइनीतल्या लोकांना सांगायला नको, १६,४०० चा हप्ता आता दिसायला लागला. गेल्या रविवारी एक पोरगा बघायला आला, बार्शीकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा, बरोबर दोन मित्र. मी बिलांची फाईल काढून टेबलावर ठेवली, गिअरबॉक्सचं बिल वर. म्हणलं बाबा, आधी हे वाच, मग चक्कर मारू. त्यानं फाईल मित्राकडं सरकवली आणि विचारलं, "भाऊ, सायलेन्सर बदलून आवाज अजून भारी करता येईल का?"

मी चावी दिली नाही. त्याला चहा दिला, आणि फाईल परत त्याच्या पुढं ठेवली.